ऋण वजनाच्या कडा आणि सर्वांत कमी ऊर्जेचा मार्ग: डायक्स्ट्रा नेमका कुठे अडतो?

पायवाट
नमस्कार. विजेवर चालणाऱ्या मोटारीची कमीत कमी ऊर्जा खर्च होईल असा मार्ग शोधणारा एक छोटा प्रोग्राम मी हौसेने लिहीत आहे. पुण्याहून माणगावला ताम्हिणी घाटाने उतरावे, की बोरघाटाने खोपोलीला उतरून पालीमार्गे जावे, अशा स्वरूपाचे प्रश्न त्याने सोडवावेत एवढीच अपेक्षा आहे. रस्ते जिथे मिळतात ते नोड, दोन नोडांमधला रस्ता म्हणजे कड, आणि त्या रस्त्यावर बॅटरीतून खर्च होणारी ऊर्जा म्हणजे कडेचे वजन, अशी मांडणी (म्हणजेच ग्राफ) केली आहे. घाट उतरताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे बॅटरीत ऊर्जा परत येते, त्यामुळे उताराच्या काही कडांची वजने ऋण होतात, आणि ऋण वजने असतील तर सर्वांत कमी वजनाचा मार्ग शोधणारा डायक्स्ट्राचा अल्गोरिदम वापरू नये असे सगळीकडे लिहिलेले आढळते.

एका सहकाऱ्याने सुचवले की सर्वांत लहान ऋण वजन पाहावे आणि तेवढीच संख्या प्रत्येक कडेत मिळवावी, म्हणजे एकही वजन ऋण राहणार नाही व डायक्स्ट्रा निर्धास्तपणे चालवता येईल. पण तसे करून आलेला मार्ग बेलमन-फोर्डने, म्हणजे ऋण वजनांवरही चालणाऱ्या दुसऱ्या अल्गोरिदमने, दिलेल्या मार्गाशी जुळत नाही. सगळ्यांना सारखीच वाढ दिली असताना क्रम का बिघडावा, हा माझा पहिला प्रश्न. बेलमन-फोर्ड मोठ्या नकाशावर फार संथ चालतो, तर त्याला पर्याय आहे का, हा दुसरा. आणि घाटमाथ्यावर बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर उतारावरची ऊर्जा वाया जाते, हे मांडणीत कसे आणावे, हा तिसरा.

त्रिज्या
पहिल्या प्रश्नाला तीन नोड पुरेत. अ पासून ब पर्यंत थेट कडेचे वजन २ आहे, अ पासून क पर्यंत ४ आणि क पासून ब पर्यंत उणे ३. खरा स्वस्त मार्ग क वरून जातो व त्याची बेरीज १ येते. डायक्स्ट्रा मात्र आधी ब उचलतो, कारण त्या क्षणी त्याचे अंतर २ म्हणजे सर्वांत कमी दिसते, आणि एकदा उचललेला नोड पुन्हा उघडायचा नाही हाच त्या अल्गोरिदमचा पाया आहे. पुढे वजने फक्त वाढतच जातील या गृहीतकावर तो पाया उभा आहे, आणि ऋण कड नेमके तेच गृहीतक मोडते.

आता प्रत्येक कडेत ३ मिळवा. थेट मार्ग ५ होतो आणि क वरून जाणारा ७, कारण पहिल्यात एक कड असल्याने एकदाच ३ मिळाले आणि दुसऱ्यात दोन कडा असल्याने दोनदा. वाढ कडांना सारखी मिळाली, मार्गांना नाही.

चहाबाज
म्हणजे प्रत्येक कडेवर टोलनाका बसवला, तर ज्या मार्गावर नाके कमी तो जिंकणार, मग त्या मार्गाने गाडीचे कितीही हाल होवोत.

उत्तररात्र
त्रिज्याताईंच्या उदाहरणातूनच हेही दिसते की ही युक्ती सरसकट टाकाऊ नाही. आरंभापासून शेवटापर्यंतच्या प्रत्येक मार्गात कडांची संख्या सारखीच असेल, तर सगळ्या मार्गांना सारखीच वाढ मिळते व क्रम बिघडत नाही. १९६७ साली अँड्र्यू व्हिटर्बी यांनी संदेशातील चुका दुरुस्त करण्यासाठी जी पद्धत मांडली, तिच्यातील ग्राफ असाच थराथरांचा असतो. अर्थात अशा ग्राफमध्ये चक्रच नसते, त्यामुळे एकेक थर ओळीने सोडवत गेले की काम भागते आणि डायक्स्ट्राची गरजही उरत नाही. रस्त्यांच्या जाळ्याला ही सवलत मिळत नाही.

रांगेतला
स्पर्धांमध्ये भाग घेणारी बरीच मुले वेगळी पळवाट काढतात. नोड एकदा उचलला तरी त्याचे अंतर नंतर कमी झाल्यास त्याला पुन्हा रांगेत घालायचे. ऋण चक्र, म्हणजे जिच्यातील वजनांची बेरीज ऋण येते अशी फेरी, नसेल तर उत्तर बरोबर येते, त्यामुळे हा डायक्स्ट्राच आहे असा समज होतो. पण डोनाल्ड जॉन्सन यांनी १९७३ सालीच दाखवून दिले होते की अशा रीतीने चालवलेला डायक्स्ट्रा वाईट ग्राफवर घातांकी वेळ (नोड वाढतील तसा पटीपटीने फुगणारा) घेऊ शकतो. प्राधान्य रांगेऐवजी साधी रांग वापरली तर वेळ निदान नोड गुणिले कडा एवढ्यावर थांबतो. साध्या रांगेची ही पद्धत व्यवहारात पुष्कळदा झटपट चालते, पण प्रश्न रचणाऱ्याने ठरवले तर तिला सहज दमवता येते.

गणकयंत्र
बेलमन-फोर्डबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो संथ असल्याची तक्रार सगळे करतात आणि त्याचे उपकार कोणी आठवत नाही. त्याचा विचार अगदी सरळ आहे. न नोड असलेल्या ग्राफमध्ये कोणताही साधा मार्ग जास्तीत जास्त न − १ कडांचा असतो, म्हणून सगळ्या कडा न − १ वेळा तपासायच्या आणि प्रत्येक वेळी जे अंतर कमी होईल ते कमी करायचे. ऋण चक्र नसेल तर सगळी अंतरे तोपर्यंत स्थिर झालेली असतात. न व्या फेरीतही एखादे अंतर घटले, तर आरंभापासून पोहोचता येईल असे ऋण चक्र ग्राफमध्ये आहे हे सिद्ध झाले. येथे एक बारकावा आहे. न व्या फेरीत ज्या नोडचे अंतर घटले तो स्वतः चक्रावर असेलच असे नाही, त्या चक्राच्या पुढे लोंबणाराही असू शकतो, म्हणून तिथून मागच्या नोडांच्या दुव्यांनी न पावले मागे जावे म्हणजे आपण निश्चितपणे चक्रावर येऊन पडतो.

नावाचे म्हणाल तर अल्फोन्सो शिंबेल (१९५५), लेस्टर फोर्ड (१९५६), एडवर्ड मूर (१९५७) आणि रिचर्ड बेलमन (१९५८) या चौघांनी हा विचार कमीअधिक स्वतंत्रपणे मांडला. नाव दोघांचेच रूढ झाले.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आणखी एक जपावे. अद्याप न पोहोचलेल्या नोडचे अंतर 'अनंत' म्हणून एखादी मोठी संख्या ठेवली जाते. तिच्यात ऋण वजन मिळवले की ती थोडी लहान होते, आणि तुलना करणारी ओळ आनंदाने 'मार्ग सापडला' असे जाहीर करते. ज्या नोडपर्यंत आपण पोहोचलोच नाही त्याच्या कडा तपासायच्या नाहीत, ही अट स्वतंत्रपणे लिहावी लागते.

सह्यवेडा
मी संगणकवाला नाही, भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. उतारावर बॅटरीत येणारी ऊर्जा आली कुठून? घाटमाथ्यावर असताना गाडीजवळ स्थितिज ऊर्जा होती, तिच्यातून. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे आणि खोपोली शंभराच्याही खाली. उंचीतील फरक ५५० मीटर धरला, तर १५०० किलो वजनाच्या गाडीची स्थितिज ऊर्जा सुमारे ८१ लाख ज्यूलने, म्हणजे सव्वादोन युनिटने कमी होते. ती सगळी बॅटरीत येत नाही. हवेचा विरोध, टायरचे घर्षण, मोटार आणि बॅटरीतील उष्णता यांत काही भाग जातो. समजण्यापुरते असे धरू की १ युनिट असे वाया गेले. मग बॅटरीत सव्वा युनिट आले आणि आपल्या कडेचे वजन उणे १.२५ झाले.

आता बॅटरीचा हिशोब ठेवण्याऐवजी बॅटरी आणि उंची मिळून एकूण ऊर्जेचा हिशोब ठेवा. कडेच्या आरंभीची स्थितिज ऊर्जा वजनात मिळवा आणि शेवटची वजा करा. उणे १.२५ अधिक २.२५, म्हणजे १. हा आकडा म्हणजे वाया गेलेली ऊर्जा, आणि वाया गेलेली ऊर्जा कधीही ऋण नसते, मग रस्ता चढाचा असो वा उताराचा. ऋण वजने रस्त्यात नाहीत, ती आपल्या खातेवहीत आहेत, कारण आपण दोन खात्यांपैकी एकच खाते पाहत होतो.

पायवाट
सह्यवेडा सर, हे फारच सुंदर आहे. पण पहिल्या प्रश्नातली शंका इथेही उभी राहते. प्रत्येक कडेत काहीतरी मिळवल्याने मार्गांचा क्रम बिघडतो असे आत्ताच ठरले, मग आपल्या पद्धतीत तो का बिघडत नाही?

त्रिज्या
कारण इथे मिळवलेली रक्कम मार्गावर खोडली जाते. अ, क, ब या मार्गावर अ ची उंची मिळवली, क ची वजा केली, पुढच्या कडेत क ची पुन्हा मिळवली आणि ब ची वजा केली. मधल्या नोडांच्या उंच्या दोनदा येऊन रद्द होतात आणि उरतो फक्त अ आणि ब यांच्या उंचीतील फरक, जो अ पासून ब पर्यंतच्या प्रत्येक मार्गासाठी तोच असतो. मार्गात दोन कडा असोत की दोनशे, सगळ्यांना सारखीच वाढ मिळते.

डोनाल्ड जॉन्सन यांनी १९७७ साली हीच युक्ती सर्वसाधारण ग्राफसाठी मांडली. तिथे निसर्गाने उंची दिलेली नसते, म्हणून ती काढावी लागते. एक नवा नोड घ्यायचा, त्याच्यापासून प्रत्येक नोडला शून्य वजनाची कड जोडायची, त्या नोडपासून बेलमन-फोर्ड एकदाच चालवायचा, आणि मिळालेली अंतरे 'उंची' म्हणून वापरायची. त्यानंतर सगळ्या कडा शून्य किंवा धन होतात आणि प्रत्येक नोडपासून डायक्स्ट्रा चालवता येतो. तुमच्या नकाशात उंची आधीच ठाऊक आहे, त्यामुळे बेलमन-फोर्डची ती एक खेपही वाचते. आयस्नर, फुंके आणि श्टोरांट या जर्मन संशोधकांनी २०११ साली विजेच्या मोटारींसाठी हाच विचार वापरला आहे.

शून्यबाकी
विचार पटला, पण 'ऊर्जेच्या नियमामुळे ऋण चक्र अशक्य' असा निष्कर्ष घाईने काढू नये. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या खाणीत एक अवजड विजेचा डंपर आहे. रिकामा असताना त्याचे वजन सुमारे ४५ टन आहे आणि तो ६५ टन दगड भरून खाली उतरतो. खाण डोंगरावर, कारखाना पायथ्याशी. भरलेल्या अवस्थेत उतरताना त्याच्या ६०० युनिटच्या बॅटरीत जी ऊर्जा जमा होते, ती रिकाम्या अवस्थेत पुन्हा वर चढायला पुरून थोडी उरते, असे तो बनवणाऱ्यांनी जाहीर केले आहे. एक फेरी पूर्ण झाली, गाडी मूळ जागी आली आणि बॅटरी आधीपेक्षा जास्त भरलेली. हे ऋण चक्र नव्हे तर काय?

सह्यवेडा
उदाहरण उत्तम आहे, पण चक्र पूर्ण झालेले नाही. गाडी मूळ जागी आली, दगड आले नाहीत. गाडीची अवस्था फक्त 'कुठे' एवढीच नसून 'कुठे आणि किती भार घेऊन' अशी आहे. नोड तसे वेगळे केले तरी खाणीत भार चढवण्याची एक कड राहते, आणि तिथे डोंगराने दगडांच्या रूपाने बाहेरून ऊर्जा दिलेली असते. तेव्हा शून्यबाकी यांची सूचना पुढे नेऊन असे म्हणू, की ऊर्जेच्या ग्राफमध्ये ऋण चक्र दिसले तर बाहेरून कोण भर घालत आहे ते शोधावे. पायवाट यांनी वजने सूत्राऐवजी लोकांच्या प्रवासांच्या नोंदींतून काढली, चढावर एकट्या चालकाची आणि उतारावर पाच जण व सामान भरलेल्या गाडीची नोंद मिळाली, तर त्यांच्याही ग्राफमध्ये खोटे ऋण चक्र तयार होऊ शकेल.

सेंट्रिंगवाला
आमच्या बांधकामाच्या वेळापत्रकात ऋण चक्राचा उपयोग उलट्या दिशेने होतो. आम्हाला मार्ग नकोच असतो, चक्र आहे की नाही एवढेच पाहायचे असते. उदाहरणार्थ, स्लॅब ओतल्यावर किमान ७ दिवस खालचे टेकू काढायचे नाहीत, ही एक अट. टेकू भाड्याचे असल्याने ओतल्यापासून ५ दिवसांत मोकळे करून द्यावेत, ही मालकाची अट. प्रत्येक काम म्हणजे नोड आणि 'या दोन कामांतील अंतर अमुक दिवसांपेक्षा जास्त नसावे' ही प्रत्येक अट म्हणजे कड. 'किमान' असलेली अट उलटी लिहिली की तिचे वजन ऋण होते. वरच्या दोन अटींत ओतण्यापासून काढण्यापर्यंत ५ आणि काढण्यापासून ओतण्यापर्यंत उणे ७, मिळून उणे २. ऋण चक्र, म्हणजे अटी परस्परविरोधी आहेत. ऋण चक्र नसेल, तर बेलमन-फोर्डने दिलेली अंतरे हेच एक चालणारे वेळापत्रक असते. शेकडो अटी असताना कोणत्या चार-पाच एकमेकींशी भांडत आहेत हे चक्र नेमके दाखवते, आणि तो कागद बैठकीत पुढे ठेवता येतो.

चहाबाज
उणे २ हे उत्तर मालकाला दाखवले तर तो म्हणेल, दोन दिवसांचे भाडे तुम्हीच भरा.

शून्यबाकी
चलनांच्या बाजारातही चक्रच हवे असते. विनिमय दरांचा गुणाकार १ पेक्षा जास्त होईल अशी फेरी शोधायची असते, आणि दराचा लॉग घेऊन त्याचे चिन्ह बदलले की गुणाकाराची बेरीज होते व नफ्याची फेरी ऋण चक्र बनते. पाठ्यपुस्तकांचे हे लाडके उदाहरण आहे. खरेदी आणि विक्रीचे दर वेगळे ठेवून, दलाली धरून हाच ग्राफ मांडला की बहुतेक वेळा चक्र नाहीसे होते, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तके हळू आवाजात सांगतात.

चक्र असतानाही 'एकही नोड पुन्हा न घेता सर्वांत स्वस्त मार्ग' मागितला, तर तो प्रश्न एनपी-कठीण (ज्याला झटपट सोडवणारी पद्धत कोणालाही ठाऊक नाही असा) होतो, हे कोणी नवखा वाचत असल्यास ध्यानात घ्यावे. सगळ्या वजनांना उणे १ दिले की तो सर्वांत लांब मार्गाचा प्रश्न बनतो. बेलमन-फोर्ड तो सोडवत नाही, फक्त नकार देतो.

नेटकर
बेलमन-फोर्ड केवळ ऋण कडांसाठी टिकून आहे असे वाचकांना वाटू नये म्हणून लिहितो. रिप या जुन्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये, ज्याचे प्रमाण लेखन १९८८ साली झाले, वजने कधीच ऋण नसतात, तरीही त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी आपल्याजवळचा अंतरांचा तक्ता शेजाऱ्यांना पाठवतो, आणि पूर्ण नकाशा कोणाकडेही नसताना सगळ्यांना मार्ग कळतात. डायक्स्ट्राला पूर्ण नकाशा लागतो. मात्र एखादा दुवा तुटला की दोन शेजारी एकमेकांच्या जुन्या माहितीवर विसंबून अंतर एकेकाने वाढवत बसतात, म्हणून १६ म्हणजेच अनंत असे तिथे ठरवून टाकले आहे. गणकयंत्र यांच्या 'अनंता'च्या तक्रारीला हे उत्तर कसे वाटते?

गणकयंत्र
सोळापर्यंत मोजून थकणारे अनंत मला मान्य आहे. निदान ते प्रामाणिक आहे.

उत्तररात्र
दुसऱ्या प्रश्नाबाबत अलीकडच्या संशोधनाचाही उल्लेख हवा. अ‍ॅरन बर्नस्टाईन, दानुपोन नानोंगकाई आणि क्रिस्टियन वुल्फ-निल्सेन यांनी २०२२ साली पूर्णांक वजनांसाठी जवळजवळ कडांच्या संख्येइतक्याच वेळात उत्तर देणारा अल्गोरिदम मांडला. त्यांच्या वेळेत लॉगचा आठवा घात येतो, त्यामुळे तो व्यवहारात उतरवण्याची घाई नको. पण महत्त्वाचे असे की त्याच्या आधी या प्रश्नावरचे वेगवान मार्ग महत्तम प्रवाहासाठी रचलेल्या जड गणिती यंत्रणेतून येत, आणि यांनी ग्राफचे तुकडे पाडून, प्रत्येक नोडला योग्य 'किंमत' देऊन ते साधले. ती किंमत म्हणजे सह्यवेडा सरांची उंचीच. वास्तव संख्यांच्या वजनांसाठी, वजनांच्या आकारावर अवलंबून न राहता बेलमन-फोर्डच्या नोड गुणिले कडा या मर्यादेखाली ठळकपणे जाणे मात्र जेरेमी फाइनमन यांना २०२४ साली जमले, आणि तिथेही नोडांचा घात १ वरून ८/९ एवढाच उतरला. इतक्या साध्या अल्गोरिदमने साडेसहा दशके दाद दिली नाही.

पायवाट
सर्वांचे आभार. उंचीची युक्ती बसवली, आणि तिचे मार्ग बेलमन-फोर्डच्या मार्गांशी जुळले. आता तिसरा प्रश्न उरतो. लोणावळ्यात बॅटरी पूर्ण भरून निघालो, तर उतारावरची सव्वा युनिट ऊर्जा ठेवायला जागाच नाही. म्हणजे कडेचे वजन गाडी किती भरलेली आहे यावर अवलंबून झाले. मग ते वजन राहिले का?

त्रिज्या
ठरलेली संख्या राहिली नाही, फल झाले, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. प्रत्येक कडेला असे फल द्या, की आरंभी इतकी ऊर्जा असेल तर शेवटी किती उरेल. क्षमतेपेक्षा जास्त आली तर क्षमतेवर थांबवा, वाटेत शून्याखाली जात असेल तर ती कड बंद. या फलात एक मोलाचा गुण आहे. आरंभी जास्त ऊर्जा असलेल्या गाडीकडे शेवटी कधीही कमी ऊर्जा उरत नाही. त्यामुळे प्रत्येक नोडवर सर्वांत भरलेली गाडी तेवढी लक्षात ठेवली तरी पुरते.

क्रम मात्र बॅटरीवरून लावू नका, बॅटरी अधिक उंचीची ऊर्जा या बेरजेवरून लावा आणि सर्वांत मोठी बेरीज असलेला नोड आधी उचला. ही बेरीज कोणत्याही कडेवर वाढत नाही, आणि क्षमतेवर थांबवल्याने झाली तर आणखी कमीच होते, म्हणून एकदा उचललेला नोड पुन्हा उघडावा लागत नाही. डायक्स्ट्राला तेवढेच हवे होते. मात्र निघताना बॅटरी किती भरलेली आहे ते ठाऊक असले पाहिजे. 'माणगावला ५ युनिट शिल्लक हवेत, तर निघताना किती लागतील' असे उलटे विचारायचे असेल, तर शेवटाकडून मागे येत प्रत्येक नोडवर किमान किती हवे ते काढावे लागेल.

रांगेतला
यात एक व्यावहारिक धोका सांगतो. उंचीची माहिती बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून झालेल्या रडार सर्वेक्षणातून घेतली जाते, आणि ते सर्वेक्षण जमिनीचा वरचा पृष्ठभाग पाहते. द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यात तुमचा नोड पडला, तर त्याला बोगद्याची नव्हे, वरच्या डोंगराची उंची मिळेल. सगळीकडे तीच चुकीची उंची वापरली तर बदललेली वजने धनच राहतील आणि प्रोग्राम तक्रार करणार नाही, पण प्रत्यक्षात नसलेला चढ-उतार चढून-उतरून होणारे नुकसान त्या मार्गाच्या माथी मारले जाईल, आणि घाट उगाच महाग ठरेल.

सह्यवेडा
दरीवरच्या पुलांचेही तेच, फक्त तिथे खोटा खड्डा मिळतो.

पायवाट
नकाशाच्या माहितीत बोगदा आणि पूल अशा खुणा आहेत. त्या कडांपुरती दोन्ही टोकांची उंची घेऊन मधली सरळ रेषेत भरतो आणि ताम्हिणी-बोरघाट तुलना पुन्हा चालवून आकडे इथेच देतो.